मुलं लहान असताना लिहायचं कसं: रोजनिशीला फटी, कथेला दीड तास

लहान मुलांच्या आईबापांना लिखाणाबद्दल हमखास एकच सल्ला मिळतो: पहाटे पाचला उठा. तो देणाऱ्याच्या घरी रात्री दोनला दूध मागणारं कोणी नसतं, किंवा असलंच तर उठणारं माणूस दुसरं असतं. ज्यांची झोप आधीच तुटकी, त्यांनी ती आणखी कापून लिहायचं हे फार तर आठवडाभर चालतं. मग वही उशाखाली जाते आणि चिडचिड मुलांवर निघते.

अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन पहाटे लिहायच्या, हे उदाहरण अशा वेळी पुढे केलं जातं. खरंच लिहायच्या. प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी, घरी दोन मुलगे, तेही एकटीनं वाढवायचे. पण दिवस मावळल्यावर आपलं डोकं चालत नाही हे ओळखून त्यांनी ती वेळ धरली होती. घ्यायचं तर त्यांचं घड्याळ घेऊ नका, ओळखण्याची रीत घ्या.

दुसरी गडबड अशी की रोजनिशी आणि कथा या दोन्ही गोष्टी आपण एकाच वेळापत्रकात कोंबायला जातो. रोजनिशीला तीन मिनिटं पुरतात. कुकरची वाफ जिरेपर्यंत एक नोंद होते. कथेचं तसं नाही. मागच्या वेळी कुठे थांबलो होतो, ही माणसं कोण, त्या घरात आता कोणती वेळ आहे, हे परत आठवेपर्यंतच पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढ्यात ‘आई, माझं झालं!’ अशी बाथरूममधून हाक येते आणि सगळं विस्कटतं. म्हणून रोजनिशीला दिवसातल्या फटी द्यायच्या आणि कथेला आठवड्यातून एकदाच, पण कोणी हात लावणार नाही असा दीड तास. पुढे जे सांगते आहे ती या दोन गोष्टींची बांधाबांध आहे.

आधी आठवडाभर वेळ नुसता बघा

लगेच वही उघडू नका. पहिल्या आठवड्यात फक्त मोकळीक कुठे सापडते ते टिपायचं. फ्रिजवर एक कागद चिकटवा, शेजारी दोरीला पेन बांधा. वेळ मोजायचं ॲप घेऊ नका. ते उघडायला फोन हातात घेतला की ती फट तिथेच संपते.

कागदावर तीन रकाने. पहिल्यात हात आणि डोकं दोन्ही मोकळं असण्याची वेळ: चित्रकलेच्या क्लासबाहेर ताटकळणं, दवाखान्यात नंबर लागायची वाट, लोकलमध्ये नशिबानं मिळालेली खिडकी, मूल झोपल्यावर हलायची भीती म्हणून त्याच्याशेजारी पडून काढलेली दहा मिनिटं. दुसऱ्यात हात गुंतलेले पण डोकं मोकळं: पोळ्या, भांडी, कपड्यांच्या घड्या, बाळाला खांद्यावर टाकून घातलेल्या येरझाऱ्या. तिसऱ्यात हात मोकळे आणि डोकं गुंतलेलं: गृहपाठावर लक्ष ठेवणं, शाळेच्या ग्रुपवर उद्या नेमका कुठल्या रंगाचा कागद न्यायचाय याचा शोध.

तिसरा रकाना दिसायला रिकाम्या वेळेसारखा दिसतो आणि तोच फसवतो. पोर सातचा पाढा लिहितंय तोवर आपण दोन ओळी लिहू, असं वाटतं. तो सात सक बेचाळीसवर अडतो, आपण वाक्याच्या मध्यावर अडतो आणि ओरडा त्याला बसतो. आठवड्याच्या शेवटी हा रकाना सरळ काट मारून टाका.

पहिला रकाना बहुतेकांचा वाटतं त्यापेक्षा भरलेला निघतो. तिथे आज फोन आहे, एवढंच. पण माझ्या मते खरी श्रीमंती दुसऱ्या रकान्यात आहे, आणि आपल्याकडच्या बायकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे.

पोळ्या लाटताना

जात्यावरच्या ओव्या म्हणजे हात गुंतलेले असताना रचलेलं वाङ्मय. पहाटे दळायला बसलेल्या बायकांना कागद नव्हता, बऱ्याचजणींना अक्षरओळख नव्हती, आणि तरी हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीचा आकार बघा. दोन ओळींत सासर, माहेर, भाऊ, लेक, पाऊस, सगळं मावतं. घास जात्यात टाकता टाकता मनात घोळवता येईल आणि दळण संपेपर्यंत विसरणार नाही, इतपतच तिची लांबी.

बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. शेतातली आणि घरातली कामं करता करता त्या गाणी रचत. कवी असलेले त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरातल्या माणसांनी ती उतरवून घेतली म्हणून टिकली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. बहिणाबाईंना दैवी देणगी होती, आपल्याला नाही, असं म्हणून हा विषय सोडू नका. त्यातली कामाची रीत उचलण्यासारखी आहे: रचना कामाच्या वेळी, उतरवणं नंतर.

ती आजच्या स्वयंपाकघरात अशी आणता येते. सकाळी एकच प्रश्न सोबत घ्यायचा. ‘कथेचा विचार करू’ असं मोघम ठरवलंत तर पोळ्या होतात आणि डोक्यात विजेचं बिलच घोळत राहतं. प्रश्न नेमका हवा: सुमनमावशी ते पत्र वाचते की न वाचता दप्तरात ठेवते? तिला कोणी पाहिलं का? कणीक मळताना, पोळ्या लाटताना एवढंच चघळायचं. उत्तर आलं की त्याचं एक पूर्ण वाक्य करायचं, तोंडानं पुटपुटायचं, आणि हात पुसून लगेच फोनमध्ये बोलून ठेवायचं. ‘नंतर लिहू’ म्हणून ठेवलेलं वाक्य संध्याकाळी हमखास सापडत नाही.

कविता लिहिणाऱ्यांना तर हा रकाना एकटाच पुरतो. त्यांनी खालचा दीड तासाचा भाग वाचलाच नाही तरी चालेल.

रोजनिशी: कालनिर्णयच्या चौकटीपासून

वर्षाच्या सुरुवातीला जाड डायरी घ्यायची आणि संक्रांतीपर्यंत ती कोरी पडायची, हे घरोघरी होतं. पूर्ण पान समोर आलं की ते भरावंसं वाटतं आणि भरायला वेळ नसतो. म्हणून सुरुवात लहान चौकटीत करा. घरात कालनिर्णय असतंच. त्याच्या चौकटीत आपण वर्षानुवर्षं दुधाचा हिशोब, गॅस लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींचे खाडे लिहीत आलो आहोत. म्हणजे रोज एक नोंद करायची सवय हाताला आहेच. त्याच चौकटीत दुधाखाली चार-पाच शब्द लिहा. ‘धाकटीचा पहिला दात पडला, गिळला.’ झाली रोजनिशी.

महिनाभर हे टिकलं तर शंभरपानी वही घ्या. एकेरी रेघांची, स्वस्तातली, हळदीचा डाग पडला तर वाईट वाटणार नाही अशी. पिशवीत मावेल एवढी हवी. घरात ती जिथे पहिली फट सापडते तिथेच ठेवायची: ओट्याजवळच्या फळीवर, पलंगाशेजारी, गाडीच्या डिकीत. कपाटात ठेवलेली वही कपाटातच राहते.

लिहायचं काय, इथे बहुतेकजण घसरतात. ‘आज खूप दमले. दिवस कसा गेला कळलंच नाही.’ असली नोंद पाच वर्षांनी वाचली तर त्यातून काहीच परत येत नाही. तो दिवस कुठलाही असू शकतो. नोंद दिसणारी, ऐकू येणारी हवी. असं काहीसं:

‘शाळेचा पहिला दिवस. नवा रेनकोट घालायचा म्हणून पाऊस नसतानाही घातला. बसमध्ये चढताना मागे वळून बघितलं नाही.’

‘धाकटी विचारते, आजी लहान होती तेव्हा आपली आई कोण होती?’

‘बाबांनी आज पहिल्यांदा जिना चढताना कठडा धरला.’

‘टोमॅटो ऐंशी रुपये. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली नाही, मीही मागितली नाही.’

एकाही नोंदीत भावना नावानं आलेली नाही, आणि तरी ती आहे. कुणी काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, एखादी किंमत, एखादा वास, अंगावरचे कपडे; एवढं पकडलंत की बाकीचं स्मरण आपोआप मागे येतं. मुलांची वाक्यं तर जशीच्या तशी लिहा, व्याकरण दुरुस्त न करता. ‘पडला’ऐवजी ‘पडलला’ म्हणणारं मूल दोन-तीन महिन्यांत ‘पडला’ म्हणायला लागतं आणि ते आधी काय म्हणत होतं हे सख्ख्या आईलाही आठवत नाही.

रोज लिहिलंच पाहिजे असं नाही. दोन दिवस, दहा दिवस सुटले तर सुटले. सुटलेले दिवस मागे जाऊन भरू नका. रोजनिशी बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण मला तेच दिसतं. आजची तारीख घाला आणि आजचं लिहा.

मनावर ओझं असेल तेव्हा

वरचं सगळं हलक्या नोंदींबद्दल झालं. पण आईबाप झालेल्या माणसाला कधी कधी वहीत ओकायचंही असतं: नोकरीची धास्ती, नवऱ्याशी धुमसत असलेलं भांडण, आपण चांगली आई नाही ही रात्रीची खात्री. त्याला तीन ओळी पुरत नाहीत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सॅन्ड्रा बील यांच्याबरोबर केलेला एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं होतं. काहींना साध्यासुध्या विषयांवर, काहींना आयुष्यातल्या जखम करून गेलेल्या प्रसंगावर. प्रसंग आणि त्यावेळचं मन असं दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्याझाल्या अधिकच वाईट वाटत होतं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर या विषयावर पुष्कळ संशोधन झालं, आणि सगळ्यांचेच निष्कर्ष इतके ठळक आले नाहीत.

आपल्या कामाची गोष्ट त्यातली ती मधली आहे: लिहिल्यावर लगेच मन जड होतं. म्हणून असं लिखाण मुलांना झोपवायच्या आधी, डब्याच्या घाईत किंवा शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी करू नका. नंतर अर्धा तास कोणी आपल्याकडे काही मागणार नाही अशी वेळ बघा. पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की थांबा. चार दिवस पुरे. त्यानंतरही तेच ते उगाळलं जात असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर वही बाजूला ठेवून माणसाशी बोला. डॉक्टरशी बोललात तर आणखी बरं. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तर हे विशेष जपा.

अशी पानं कुठे ठेवायची तेही आधी ठरवा. मूल सात-आठ वर्षांचं झालं की ते वाचतं, आणि ‘हे वाचू नकोस’ असं लिहिलेलं सगळ्यात आधी वाचतं. मी म्हणेन, ही पानं सुट्या कागदावर लिहा आणि चार दिवसांनी फाडून टाका. लिहिण्याचा उपयोग तोवर होऊन गेलेला असतो. घरातल्या वहीत तेच राहू दे, जे मुलानं विसाव्या वर्षी वाचलं तरी चालेल.

आठवड्याचा दीड तास

आता कथा, ललित, नाटुकलं, जे काही असेल ते.

कॅनडाच्या लेखिका ॲलिस मन्रो यांना २०१३ साली नोबेल मिळालं ते कथांसाठी. मुली लहान असताना कादंबरीला लागणारा सलग वेळच मिळत नव्हता म्हणून आपण कथेकडे वळलो, असं त्या मुलाखतींमध्ये सांगत. मुली दुपारी झोपल्या की त्या लिहायच्या. ज्यांच्या मनात पाचशे पानी कौटुंबिक कादंबरी आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं. तीच कादंबरी बारा सुट्या कथांमधून सुरू करता येते आणि प्रत्येक कथा दोन-अडीच महिन्यांत संपते. मूल लहान असताना काहीतरी संपणं फार गरजेचं असतं, कारण घरात दुसरं काहीच संपत नाही.

दीड तास मिळवण्याचं काम लिखाणापेक्षा अवघड आहे. ‘मला जरा स्वतःसाठी वेळ हवा’ या वाक्यावर घरातलं प्रत्येक माणूस मनापासून मान डोलावतं आणि काहीही बदलत नाही. वार, वेळ आणि मागची व्यवस्था, तिन्ही एका दमात सांगा. ‘आई, शनिवारी साडेसात ते नऊ मी आतल्या खोलीत लिहीत बसणार आहे. डोशाचं पीठ तयार आहे, चटणी फ्रिजमध्ये आहे, डोसे हा घालेल.’ आणि नवऱ्याला आदल्या रात्री वेगळं: ‘उद्या दीड तास मी घरात नाही असं समज. मिठाचा डबा तुला माहीत आहे.’ मिठाचा उल्लेख मुद्दाम आहे. बाप लिहायला बसला तर घर आवाज कमी करतं. आई बसली की दर सात मिनिटांनी दार किलकिलं करून काहीतरी कुठे आहे ते विचारलं जातं. त्यातलं जेवढं आदल्या रात्री सांगून संपेल तेवढं संपवावं.

बदल्यात काहीतरी द्या, नाहीतर तिसऱ्या शनिवारी कुरकुर सुरू होते. रविवारी सकाळी दीड तास त्याचा: क्रिकेट, झोप, मित्र, काहीही, आणि त्यात तुम्ही हाक मारायची नाही. एकट्या पालकाला हा सौदा शेजारणीशी करता येतो. एका शनिवारी तिची मुलं तुमच्याकडे, पुढच्या शनिवारी तुमची तिच्याकडे. मग दीड तास पंधरा दिवसांतून एकदा मिळतो. तोही चालतो.

घरात खोली नसेल, आणि दोन खोल्यांच्या घरात ती नसतेच, तर बाहेर जा. बऱ्याच गावांत आणि शहरांत सार्वजनिक वाचनालयं आणि अभ्यासिका आहेत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं. अशा ठिकाणी स्पर्धा परीक्षेची मुलं मान खाली घालून बसलेली असतात आणि त्यांच्यामध्ये बसलं की आपलीही मान खाली जाते. तेही नसेल तर सोसायटीत उभी केलेली गाडी, किंवा सकाळच्या वेळी देवळाचा सभामंडप. कॅफेत सुखाचं वाटतं, पण दर शनिवारचा तो खर्च मनाला लागायला लागतो आणि मग आपण ‘या खेपेला राहू दे’ म्हणतो.

परदेशात राहणाऱ्यांकडे आजी-आजोबांचा आधार नसतो, पण मूल झोपण्याची वेळ बहुधा घट्ट असते. आठ वाजता मूल झोपत असेल तर बुधवारचे साडेआठ ते दहा तुमचे.

पहिली दहा मिनिटं वाचवा

दीड तासातला अर्धा तास ‘कुठे होतो’ यातच गेला तर उपयोग नाही. यावर तीन गोष्टी खरोखर चालतात.

उठताना प्रसंग पूर्ण करू नका. पुढचं वाक्य माहीत असताना थांबा आणि त्याच पानावर खाली लिहून ठेवा: ‘पुढे: मावशी गच्चीवर जाते, तिथे पापड वाळत आहेत, खाली रिक्षा थांबल्याचा आवाज.’ पुढच्या शनिवारी कोऱ्या पानाशी गाठ पडत नाही, गच्चीशी पडते.

बसल्याबसल्या मागचा शेवटचा परिच्छेद हातानं पुन्हा उतरवून काढा. नुसता वाचला तर आपण दुरुस्त्या करत बसतो. उतरवताना त्याची लय हातात येते आणि पुढची ओळ बहुतेक वेळा त्याच ओघात येते.

आठवडाभर पोळ्या लाटताना फोनमध्ये बोलून ठेवलेली वाक्यं शुक्रवारी रात्रीच वहीत उतरवून घ्या. शनिवारी फोन उघडला की शाळेचा ग्रुप दिसतो, आणि ग्रुपवर कोणीतरी विचारलेलं असतंच की सोमवारी सुट्टी आहे का.

एका बैठकीत तीनशे-चारशे शब्द झाले तर पुष्कळ झाले. शंभर झाले तरी त्या दिवशी लिहिलं. शून्य झाले आणि दीड तास खिडकीबाहेर बघण्यात गेला, तरी पुढच्या शनिवारची वेळ सोडायची नाही. घरच्यांना तर शून्याबद्दल सांगूच नका.

साधनांबद्दल थोडं

फोनवर मराठी बोलून टंकता येतं. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा, माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. साधी वाक्यं बऱ्यापैकी नीट उमटतात. विशेषनामं, बोलीतले शब्द आणि विरामचिन्हं यांची वाट लागते, तिकडे त्या क्षणी बघू नका. खानदेशी किंवा मालवणी संवाद बोलून टंकण्यात अर्थ नाही; त्यासाठी सरळ आवाज रेकॉर्ड करा.

टिपणं एकाच जागी हवीत. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, आणि तेवढं बहुतेकांना पुरतं, कारण ते ॲप आधीच उघडलेलं असतं. फक्त महिन्यातून एकदा तिथलं सगळं वहीत किंवा फाइलमध्ये हलवा. फोन बदलताना लोकांचे फोटो वाचतात, टिपणं जातात. लोकलमध्ये उभ्यानं लिहायचं असेल तर फोनच बरा. बसायला मिळालं तर वही, कारण वहीला नोटिफिकेशन येत नाही.

वयानुसार काय बदलतं

पहिलं वर्ष: कथेचा दीड तास विसरा. चौकटीतली नोंद आणि अंगावर पाजताना एका अंगठ्यानं लिहिलेली वाक्यं, एवढंच. झोप मिळत असेल तर आधी झोपा.

दोन ते पाच हा काळ कच्च्या मालाच्या दृष्टीनं सगळ्यात समृद्ध आणि वेळेच्या दृष्टीनं सगळ्यात कंगाल. मूल दिवसभर बोलतं, त्यातलं सोनं वेचायचं. शिशुवर्गाचे दोन-तीन तास मिळत असतील तर त्यात कपाट आवरू नका. आठवड्यातला एक तरी दिवस राखा.

सहाव्या-सातव्या वर्षापासून एकत्र बसता येतं. टेबलाच्या एका बाजूला ते चित्र काढतंय किंवा गोष्ट लिहितंय, दुसऱ्या बाजूला तुम्ही. सुरुवात दहा मिनिटांनी करा, स्वयंपाकघरातला टायमर लावून, आणि वाजेपर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही हा नियम दोघांनाही. मुलं हा नियम आपल्यापेक्षा कडक पाळतात, आपण उठलो तर रागावतात. या वेळात रोजनिशीच लिहा. कथा इथे आणू नका. आणि मुलानं लिहिलेल्याचं शुद्धलेखन तपासायचं नाही, नाहीतर त्याच्या लेखी हा अजून एक गृहपाठ होतो. त्याला वाचायला ‘किशोर’ हातात द्या. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय.

किशोरवयात वेळ आपोआप मिळतो, पण परवानगीचा प्रश्न येतो. तेरा वर्षांच्या मुलीचं प्रेमप्रकरण कथेत आलं, नाव बदललं, शाळा बदलली, तरी तिला आणि तिच्या मैत्रिणींना कळतं. छापायच्या आधी तिला वाचायला द्या. ती नको म्हणाली तर कथा चार-पाच वर्षं थांबू शकते.

वर्षाचं गणित, दिवाळी अंक समोर ठेवून

मुदत नसेल तर घरकाम जिंकतं. मराठीत आपल्याला एक आयती मुदत मिळालेली आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून हा हंगाम दरवर्षी येतो. अंक दिवाळीत दिसतो, पण साहित्य पावसाळ्यातच मागवलं जातं. नवरात्रात लिहायला घेतलेली कथा पुढच्या वर्षासाठी असते.

मागून मोजू. अडीच हजार शब्दांची कथा धरा. शनिवारी साडेतीनशे शब्द म्हटलं तर पहिला खर्डा सात-आठ शनिवारांत होतो. दोन शनिवार आजारपणाला आणि पाहुण्यांना गेलेच. म्हणजे संक्रांतीनंतर सुरू केलेलं मार्चच्या अखेरीस कागदावर येतं. एप्रिल परीक्षांचा, तेव्हा खर्डा बाजूला ठेवून द्यायचा, आणि एरवीही महिनाभर तो न बघणं चांगलंच असतं. मे महिन्यात मुलं मामाकडे किंवा गावाला गेली तर वर्षातला सगळ्यात मोठा सलग वेळ तेव्हा मिळतो. तो नवं काही सुरू करण्यात घालवू नका, पुनर्लेखनाला द्या. मुलं घरातच असतील तर मे गेला असं समजून चाला आणि दोन शनिवार जूनमध्ये ठेवा. जूनच्या मध्याला शाळा उघडतात (विदर्भात थोड्या उशिरा), आणि वह्यांना कव्हरं घालून झाली की शेवटचा हात फिरवायचा.

पुनर्लेखनाच्या वेळी कथा एकदा मोठ्यानं वाचा, शक्य तर आवाज रेकॉर्ड करून. भांडी घासताना तोच परत ऐका. जिथे लक्ष उडतं तिथे कात्री लावा. एका माणसाला वाचायला द्या, आणि तो माणूस नवरा किंवा बायको नको. त्यांना कथेतली सासू ओळखता येते आणि चर्चा भलतीकडे जाते.

पाठवताना मजकूर युनिकोड मराठीत टंकलेला असावा, वर्ड फाइलमध्ये, पहिल्या पानावर नाव, फोन, पत्ता आणि शब्दसंख्या. वहीच्या पानांचे फोटो पाठवू नका. ज्यांना पाठवायची त्यांचा गेल्या वर्षीचा दिवाळी अंक वाचनालयातून आणून चाळा. विनोदी अंकाला गंभीर कथा गेली की ती वाचलीही जात नाही. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे. नकाराचं पत्र बहुतेकवेळा येत नाही, अंक बाजारात आला की कळतं. म्हणून पाठवल्याची तारीख कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत, दुधाखाली लिहून ठेवा, आणि दिवाळीपर्यंत उत्तर आलं नाही तर तीच कथा पुढच्या वर्षी दुसरीकडे पाठवायला मोकळी समजा. तोवर येणाऱ्या शनिवारासाठी पुढच्या कथेचा पहिला प्रश्न शोधायला घ्या.